एकेचाळीस नंबर कोणाचा?

१

भाई मयेकरांनी चष्मा लावला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सातेरी देवस्थानच्या अध्यक्षाने चारचौघांत चष्मा लावून मोबाईल नाकाशी धरायचा, हे भाईंना कमीपणाचं वाटे. म्हणून सोमवारी जत्रेच्या मीटिंगमध्ये मोबाईल वाजला, तेव्हा त्यांनी तो बाबली मास्तरांकडे सरकवला.

"दशावतारवाल्यांचो असतलो. वाच रे जरा."

बाबली मास्तर छत्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला धडे वाचून दाखवून निवृत्त झालेले. हळू वाचणं त्यांना येतच नव्हतं. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि सभामंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाईल अशा आवाजात, पूर्णविरामाला थांबत थांबत, सगळं वाचून मोकळे झाले.

"टोकन नंबर एकेचाळीस. गणपतीतल्या कॅम्पमध्ये केलेल्या तुमच्या गुप्तरोग तपासणीत दोष आढळला आहे. घाबरू नका. उपचार सोपा आहे. जोडीदारासह खोली क्रमांक सातमध्ये या."

सभामंडपात तेवीस माणसं होती. भाई अडुसष्ट वर्षांचे, आणि त्यांची बायको जाऊन बारा वर्षं झालेली.

ही हकीकत विमला राणेला मंगळवारी सकाळी खुद्द भाईंच्या तोंडून कळली. ती एका सेवाभावी संस्थेच्या दवाखान्यात समुपदेशक होती, खोली क्रमांक सात तिचीच, आणि तो मेसेजही तिनेच आपल्या हाताने धाडलेला. तपासायला लोक कसेबसे यायचे, पण निकाल न्यायला कोणी फिरकत नसे. एकदा आलेला माणूस चुकून आला म्हणता येतं, दुसऱ्यांदा आला की बाजारात बातमी होते. म्हणून २००७च्या पावसाळ्यात विमलाने ही युक्ती काढली. नाव नाही, गाव नाही, बाई की पुरुष तेही नाही. वहीत फक्त टोकनचा नंबर, आणि पेशंटने स्वतः लिहिलेला फोननंबर. रक्त ओरसच्या जिल्हा लॅबला जायचं, कागद आला की मेसेज जायचा.

"बाई," भाई कचेरीतलं मराठी काढून म्हणाले, "मी आपल्या दवाखान्याची पायरी कधी चढलो आहे काय?"

"नाही, भाई."

"मग माझं रक्त तुमच्याकडे कसं... कसा इला?" राग वाढला तसं कचेरीतलं मराठी सुटलं. "माका लोक हसतत, बाई! कालपासून पोरांका बघून वाट बदलतंय. शनिवारी बैठक आसा. चार पिढ्यांचो मानाचो नारळ माज्या हातातसून काढून घेतीत. शनिवारच्या आदी त्या माणसाचा नाव सांगा!"

"नाव माझ्याकडे नाही. आणि असतं तरी सांगितलं नसतं."

भाई छत्री आपटत निघून गेले. विमलाने वही उघडली. कॅम्पच्या दिवशी ती माहेरी विजयदुर्गला होती आणि कणकवलीहून आलेल्या डॉक्टरांनी एकट्याने तीस माणसं तपासली होती. एकेचाळीसच्या पुढे लिहिलेला फोननंबर भाईंचाच होता, शेवटी ७१७१. बाकी सगळ्यांनी इंग्रजी आकडे खरडले होते. इथे मात्र टपोरे मराठी आकडे, दोन दोनांच्या जोड्या करून. ओरसहून आलेल्या कागदावर याच नंबरापुढे रक्तगट आणि हिमोग्लोबिनही लिहिलेलं होतं. लॅबवाल्यांना वेळ फार, असं म्हणून तिने कागद मिटला.

म्हणजे चूक तिची नव्हती. कोणीतरी शुद्धीवर असताना येऊन, भाईंचा नंबर आपला म्हणून लिहून गेलं होतं.

२

दुपारी मयेकरांच्या फाटकातच राधाबाईने तिला गाठलं. राधाबाई मासे विकायची. विधवा बाई, हातापेक्षा जीभ चालती. भाईंना मासे मोजून दिल्यावर एक बांगडा वर टाकायची तिची कित्येक वर्षांची रीत होती, आणि त्याबद्दल आजवर कोणी ब्र काढला नव्हता. 'जोडीदारासह' हा शब्द कानी पडला आणि तो वरचा बांगडा सगळ्या वाडीला एकदम आठवला.

"तुज्या त्या मेसेजान माजो धंदो बसयलो गो बाये! लोक बांगडे घेणत नाय, माज्या तोंडाकडे बघत रवतत. आणि तो बाबली मास्तर! कोणार संशय घेवचो तेची यादी करता. माजा नाव पयला!"

"तुजा नाव मी काढतंय त्या यादीतसून," विमला म्हणाली. दवाखान्याबाहेर तिचं मराठीही सैल व्हायचं.

"काडू नको. दुसऱ्या नंबरार टाक. पयल्यार नको," राधाबाई म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

भाई ओटीवर पाठ करून बसले होते.

"भाईनू, चष्मो घालूक काय लाजतास?" विमला म्हणाली. "तुमीच वाचलो असतास, तर तुमकाच कळला असता."

"घालतंय. आता लाज उरली खंय?"

सून दीपिका कोकमाचं सरबत घेऊन आली. वैभववाडीची मुलगी, मे महिन्यात लग्न झालेलं. नवरा, म्हणजे भाईंचा एकुलता एक रविराज, मुंबईला कुठल्याशा कंपनीच्या गाड्या चालवायचा. घरात दुसरं बाईमाणूस नाही, तरी घर लखलखीत होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसची तारीख, दुधाचे खाडे, कुठलासा फोननंबर, सगळं नीट मांडून लिहिलेलं. पेले मात्र तिच्या हातात किणकिणत होते.

"गणपतीत तुमचो फोन कोणी हाताळलो होतो?" विमलाने विचारलं.

"फोन माज्या खिशातच होतो," भाई म्हणाले. "पण रिकामो. कार्ड वाडीत फिरत होता."

"फिरत होता म्हणजे?"

भाईंनी सांगितलं ते असं. मुंबईचं सिमकार्ड गावी आणलं की आलेल्या फोनालाही पैसे पडतात. चाकरमानी त्याने वैतागलेले. म्हणून दोन वर्षांपूर्वी वाडीच्या सोयीसाठी भाईंनी आपल्या नावावर इथलं एक कार्ड घेतलं. एरवी ते भाईंच्या फोनात असायचं, देवस्थानच्या कामाला. गणपतीत ते आगपेटीत घालून घरोघर फिरायचं. जो येईल त्याने आपल्या फोनात घालावं आणि जाताना आगपेटीत ठेवून जावं. यंदा पहिले पाच दिवस रविराजकडे, मग तीन दिवस शंकरकडे, शेवटचे तीन सर्वेशकडे.

कॅम्प होता सातव्या दिवशी. विमलाने मनातल्या मनात बोटं मोजली. म्हणजे शंकर!

ती घाईने निघाली, तर तुळशीपाशी दीपिकाने तिला थांबवलं.

"बाई, मेसेज मुंबईला पोचायला किती दिवस लागतात?"

"दिवस कसले? दोन मिनिटं."

"आणि माणूस भेटलं नाही, तर पत्रासारखा परत येतो?"

"नाही गो."

दीपिकाचा चेहरा एवढासा झाला. नवऱ्याच्या आठवणीने हळवी झाली असेल, असं विमलाला वाटलं. हे असं वाटून घेतल्याबद्दल पुढे तिने स्वतःला पुष्कळ बोल लावले.

३

शंकर जहाजावर आचारी होता. सहा महिने समुद्रावर आणि तीन महिने गावच्या पारावर. विमलाने विषय काढताच तो आधी लाजला, मग खूश झाला, मग घाबरला.

"सातव्या दिवशी? बाई, देवाशपथ, मी दवाखान्यात नव्हतंय."

"मगे खंय होतास?"

शंकरने इकडेतिकडे पाहिलं. "इन्सुलीच्या नाक्यार."

गोव्याहून येताना त्याच्या पिशवीत मोदकांच्या नारळांखाली बाटल्या सापडल्या होत्या. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवलं होतं. पुरावा म्हणून त्याने पाकिटातून सही-शिक्क्याची पावती काढली. तारीख चोख होती.

"ही पावती बायलेक दाखवू नकात," तो म्हणाला. "तिका सांगलंय की देवगडाक भजनाक गेलेलंय."

विमला हिरमुसून उठली. शंकर मागून हसला. "आणि काय ओ बाई, माका काय खूळ लागला? गुपचूप तपासणी करूची झाली, तर मी वाडीच्या कार्डाचो नंबर कित्या देतलंय? तो मेसेज भाईंच्या खिशात जातलो, ह्यां वाडीतल्या गड्यामाणसांत कोणाक ठावक नाय?"

विमला चार पावलं गेली आणि रस्त्यात थांबली. मागून येणारा सायकलवाला तिला शिव्या देत गटाराच्या कडेने गेला. तिला ऐकूही आलं नाही.

४

खोली सातमध्ये तिने दार लोटलं, चहा मागवला आणि तो निवेपर्यंत तशीच बसून राहिली.

शंकर बोलायला गेला एक आणि बोलून गेला भलतंच खरं. वाडीतला कोणताही गडी लपायला निघाला, तर जगातला वाटेल तो नंबर देईल, पण हा देणार नाही. म्हणजे सातव्या दिवशी कार्ड कोणाकडे होतं, हा प्रश्नच चुकीचा. हा नंबर सगळ्या वाडीचा आहे, हे ज्याला माहीत नाही, असं माणूस कोण? आणि तरीही ज्याच्याकडे तो लिहून ठेवलेला आहे?

माहीत नाही म्हणजे वाडीत नवखं. यंदाचाच पहिला गणपती. नंबर पाठ नाही, तो कुठेतरी नीट टिपून ठेवलेला आणि तसाच्या तसा उतरवलेला. मराठी आकडे, दोन दोनांच्या जोड्या.

विमलाने कपाटातून ओरसचा कागद ओढला. रक्तगट, हिमोग्लोबिन. लॅबवाल्यांना वेळ फार नव्हता. या दोन तपासण्या कणकवलीचे डॉक्टर एकाच तऱ्हेच्या पेशंटसाठी लिहायचे, आणि ते तिला वर्षभर माहीत होतं. पोटुशी बाई!

सारी वाडी एका पुरुषाला शोधत होती, आणि विमलाही वाडीबरोबर धावत होती. कॅलेंडर तिच्या डोळ्यांसमोर आलं. किणकिणणारे पेले आले. मुंबईला मेसेज पोचायला किती दिवस लागतात, हा प्रश्न आला.

चहावर साय धरली होती. तो तसाच सोडून तिने औषधांचं कपाट उघडलं आणि पेनिसिलीन आहे ना, ते आधी पाहिलं.

५

गुरुवारी बाजाराच्या गर्दीतून दीपिका आपल्या पायांनीच खोली सातमध्ये आली. विमलाने काही विचारायच्या आत तिने पदराची गाठ सोडली. आतून प्लॅस्टिकची गोल चकती निघाली. एकेचाळीस.

"मला चक्कर येत होती म्हणून कॅम्पला आले," ती खाली बघत म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, दिवस गेलेत. रक्ताचं फोनवर कळवू. मला वाटलं, तेच कळवतील. आधी यांना कळावं. म्हणून यांचा नंबर दिला."

"रविवारी तो फोन करतो ना? सांगायचं होतंस."

"फोन ओटीवर आहे, बाई. समोर मामंजी बसलेले. काय सांगू?"

चतुर्थीनंतर ती एक दिवस माहेरी गेली होती, तेव्हा रविराजने आगपेटीतलं कार्ड आपल्या फोनात घातलेलं होतं. ह्या नंबरावर फोन कर, म्हणाला. बिचारीने कॅलेंडरवर लिहून ठेवला, 'यांचा नंबर'. पाचव्या दिवशी रविराज मुंबईला गेला आणि कार्ड आगपेटीत ठेवून गेला. हे तिला सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मग दर रविवारी ती वाट बघत राहिली, की आता हे काहीतरी बोलतील.

विमलाने तिला सगळं समजावलं. आजार कुठून आला असेल, तेही लपवलं नाही. इंजेक्शन घेतलं की बरा होतो, बाळालाही काही होत नाही, नवऱ्यालाही घ्यावं लागेल. दीपिका ऐकत होती. डोळे कोरडे होते आणि त्याचंच विमलाला वाईट वाटलं.

"वाडीला कळलं तर यांचं नाव कोणी घेणार नाही," दीपिका म्हणाली. "म्हणतील, सूनच घेऊन आली. मला वैभववाडीच्या गाडीत बसवतील, पोटातल्यासकट."

विमलाला खोटा धीर देता येईना, कारण पोरगी अगदी खरं बोलत होती.

"वाडीला कळणार नाही," ती म्हणाली. तिने इंजेक्शन भरलं. शनिवारचं काय करायचं, याचा मात्र तिला काडीइतका पत्ता नव्हता.

६

शनिवारी सभामंडपात बसायला जागा उरली नाही. जत्रेच्या मीटिंगला न येणारे लोकही आले होते. बायकांच्या रांगेत शेवटी दीपिका डोकं खाली घालून बसली होती. राधाबाई सगळ्यांत पुढे.

विमला उठली. तिने रात्रंदिवस घोकून आणलेली दोन वाक्यं म्हटली. "नंबर चुकून दिला गेला होता. भाईंचा त्यात काही संबंध नाही."

एवढ्यावर सगळं मिटेल, असं तिला वाटलं होतं. पण बाबली मास्तर समोर होते. त्यांनी शाळेतून फळा आणवला होता.

"चुकून म्हणजे कोणी? तां आपण शोधून काढूया," मास्तर म्हणाले आणि खडू सरसावला. "कार्ड दिवस एक ते पाच, रविराज. सहा ते आठ, शंकर. नऊ ते अकरा, सर्वेश. कॅम्प दिवस सात. शंकर, उभो रव!"

शंकर उभा राहिला, बायकोकडे पाहिलं आणि मोठ्या नाइलाजाने इन्सुलीची पावती खिशातून काढली. बायको मधूनच ओरडली, "आणि भजन?" सगळी सभा हसली. मास्तर हसले नाहीत.

"शंकर नाय. सर्वेशाकडे कार्डच येवक नव्हता. मगे उरलो कोण?" त्यांनी फळ्यावरच्या पहिल्या नावाखाली रेघ ओढली. "रविराज तर तेव्हा मुंबैक गेललो. पण रविराजाचो नंबर म्हणान ह्यो नंबर कोणाकडे..."

विमलाने उभ्या आयुष्यात चौथीच्या मास्तरांची इतकी भीती बाळगली नव्हती. आणखी एक वाक्य, आणि सगळ्या माना बायकांच्या शेवटच्या रांगेकडे वळणार होत्या.

"बाबली, खडू ठेव."

भाई उभे होते. नाकावर चष्मा होता. सगळ्या वाडीने तो पहिल्यांदाच पाहिला.

"रिपोर्ट माझो," भाई म्हणाले.

बाहेर कोणाची तरी शेळी खोकली. मग हळूहळू, एकेक करून, सगळ्या नजरा राधाबाईकडे वळल्या.

"माज्याकडे काय बघतास रे मेल्यांनू?" राधाबाई कडाडली. "मी बांगडे दिलंय! नुसते बांगडे!"

"तिचो काय संबंध नाय," भाई म्हणाले. "जुनी गोष्ट आसा. तरणो होतंय, मुंबैत गिरणीत होतंय. तेव्हा काय सांभाळूक नाय. लाज वाटली म्हणान गुपचूप रगात देवन इलंय, आणि सोमवारी लाजेनच खोटा बोललंय. नारळ कोणाक देवचो तो देया."

बाबली मास्तर विमलाकडे वळले. "बाई, तीस-चाळीस वर्षांनी असा काय गावता रक्तात?"

विमलाने एकदाच भाईंकडे पाहिलं. "सापडतं, मास्तर. हा आजार वर्षानुवर्षं रक्तात लपून राहतो. माणसाला पत्ता नसतो." आणि यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

मग मागच्या खांबाशी बसलेला धोंडू उठला. हा धोंडू तीस वर्षं मुंबईला गोदीत काढून आलेला. "अध्यक्षान सगळ्यांसमोर खरा सांगला," तो म्हणाला. "हयसर आणि कोणाची छाती आसा? नारळ भाईंकडेच रवांदे." आणि गिरणीत, गोदीत, जहाजावर तरुणपण काढलेली सगळी म्हातारी मंडळी एकदम, जरा जास्तच घाईने, हो हो म्हणाली.

७

सोमवारी भाई खोली सातमध्ये आले.

"भाईनू," विमला म्हणाली, "तुमका कसा कळला?"

"तुमीच सांगलात, चष्मो घाला. घातलंय. घरात पयल्यांदा नीट बघितलंय, तर माझोच नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरार. खाली लिवलला, 'यांचा नंबर'." भाई थोडा वेळ छत्रीच्या मुठीशी खेळत बसले. "झिलाक, रविराजाक, काल फोन केलंय. म्हटलंय, पयल्या गाडयेन ये. माज्या रिपोर्टाक तुजा रगात होया. तो काय समजलो तो समजलो. रडत होतो."

मग ते उठले आणि काहीही टोचून न घेता, एका हाताने कंबर धरून, भर बाजारातून लंगडत घरी गेले. तीन ठिकाणी थांबून इंजेक्शन किती दुखतं, तेही सांगितलं.

त्या महिन्यात खोली सातमध्ये एकोणीस पुरुष आले. एवढे तिथे वर्षात येत नसत. धोंडू पहिला. शंकरला त्याच्या बायकोने दंडाला धरून आणलं. विमलाने मेसेज बदलला होता. आता त्यात फक्त 'टोकन अमुक, चिठ्ठी आली, येऊन न्या' किंवा 'टोकन अमुक, काळजी नको' एवढंच असायचं. तिने प्रत्येकापुढे वही सरकवली आणि फोननंबर लिहायला सांगितला.

एकोणिसांपैकी सोळांनी लिहिला, शेवटी ७१७१.

"अहो, स्वतःचा द्या की!" ती म्हणाली.

"माझो फोन बायल बघता," धोंडू म्हणाला. "भाई कोणाक सांगणत नाय."

तेव्हापासून भाई संध्याकाळी देवळाच्या कठड्यावर बसू लागले. चष्मा दोरीने गळ्यात. मेसेज स्वतः वाचायचे आणि नाव न घेता, कोणाकडे न बघता, समुद्राकडे तोंड करून आकडा बोलायचे. "त्रेपन्न, बरा आसा." पलीकडे जाळी विणत बसलेल्यांपैकी कोणीतरी एक सुस्कारा सोडायचा. बाबली मास्तरांनी एकदा मोबाईल मागितला, तेव्हा भाईंनी तो सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला.

माघात, जत्रा होऊन गेल्यावर, एका दुपारी तो पुन्हा वाजला. भाई घरीच होते. रविराज नोकरी सोडून आला होता आणि अंगणात टेम्पो धूत होता. दीपिका जड पावलांनी चुलीपाशी वावरत होती. भाईंनी चष्मा लावला, एकदा वाचलं, पुसून परत लावला आणि पुन्हा वाचलं. टोकन एकेचाळीस, काळजी नको.

ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. सुनेच्या समोर उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून कॅलेंडरकडे बघत म्हणाले,

"गो दीपिका, माझो रिपोर्ट बरो इलो."

दीपिकाच्या हातातला पळा तसाच राहिला. मग ती पदर डोळ्यांना लावून हसली, आणि म्हणाली, "बरं झालं, मामंजी. तुमची मला फार काळजी लागली होती."